रकाना चौथा

तिसऱ्यांदा आलाय कागद कळंब्याहून,
वर पोलीस ठाण्याचा तिरपा शिक्का.
सिद्धदोष बंदी आत्माराम गोविंद तारी,
जन्मठेप, सतरावं वर्ष.
अभिवचन रजा, दिवस तीस.
सदर इसम गावात आल्यास शांततेस बाधा पोहोचेल काय,
पोलीसपाटलांनी चौकशी करून कळवावे.

पोलीसपाटील म्हणजे मी.
बालवाडीची पोरं घरी गेली
की दुपारनंतर गावाची शांतता माझ्याकडे.

मागच्या दोन्ही खेपांना लिहिलं होतं : बाधा पोहोचेल.
सोपं असतं. एका ओळीत बसतं,
आणि पुढे काहीच घडलं नाही
तर कोणी विचारत नाही, का घडलं नाही म्हणून.

या खेपेला चौथ्या रकान्यात अडकले.
रजेच्या काळात राहण्याचा पत्ता :
घर क्रमांक एकोणसाठ, मधलीवाडी.

एकोणसाठ नाही आता.
तीन वर्षांपूर्वीच्या उधाणानं
आधी कुंपण नेलं, मग न्हाणी, मग पडवी,
उरलेलं एका रात्रीत,
पानातलं निपटून घ्यावं तसं.
घरपट्टीची नोटीस तेवढी येते अजून,
थकबाकीसह.

आचऱ्याच्या बाजारात त्याची बहीण भेटली, शेवंती,
बांगड्यांच्या टोपलीमागे.
जामीन राहते म्हणून ठाण्यात सही करून आलेली.
पदराला हात पुसून तिनं पिशवीतली कार्डं काढली,
रबर लावून ठेवलेली.
दर साली गणपतीआधी तो विचारतो :
न्हाणीमागच्या माडाला यंदा किती धरले?
आणि ही नातवाकडून कळवते :
साठ. पासष्ट.
गेल्या साली उंदरांनी नासले, चाळीसच.

उंदीरसुद्धा लिहिले होते तिनं.

माशा हाकलत म्हणाली,
"ह्या खेपेक नाय म्हणान लिव गो बाय.
सही मी केलंय, ता खरा.
पण तेका आणून मी खय उभो करू?"

मग खाडीच्या अंगाला, जगन्नाथ कोचरेकराच्या घरी.
जाळ्याच्या वाटणीवरून वल्ह्याचे तीन घाव,
पंचनाम्यात तीन, गावाच्या तोंडी सात.
त्याची बायको द्वारका
पायरीवर कालवं फोडत बसलेली.
मी विचारलं, हरकत आहे का तुमची?
तिनं एक शिंप फोडली. आणखी एक.
एक आतून रिकामी निघाली, ती लांब भिरकावली.

"घर गेला ता कळला काय तेका?"

मी म्हटलं, नाही. कोणी कळवलं नाही.

"चौदा वर्सां तेच्या पडवेकडे बघून थुकत इलंय मी,
सकाळी पाण्याक जाताना, येताना.
आता थुकाक पण जागा नाय रवली."
कोयती पायरीवर ठेवली तिनं.
"येवंदे. बघांदे."

ही दया होती की आणखी काही,
मला तिच्या तोंडावरून कळलं नाही.
कालवांचं पाणी हाताला लागलं होतं तिच्या,
ते ती चाटत होती.

परतताना सुकती लागली होती.
मधलीवाडीच्या टोकाला थांबले.
पाणी मागे सरलं तसा वर आला
विहिरीच्या चिऱ्यांचा गोल कठडा,
अर्धा वाळूत, आत समुद्राचंच पाणी,
आणि पायरीचा एक दगड,
कुठेही न चढणारा.
तिथेच गुडघ्यावर फाईल ठेवून लिहिलं.
बाधा : नाही.
हरकत : नाही.
हवेतल्या खारानं कागद मऊ पडलेला,
पेन दोनदा फाटून आरपार गेलं.

चौथ्या रकान्यात शेवंतीचा पत्ता घातला असता तर चाललं असतं.
घालायलाच हवा होता.
मी लिहिलं :
घर क्रमांक एकोणसाठ, सुकतीला दिसतं.

साहेबांनी तो कागद तसाच वर पाठवला
की माझ्यावर हसून बाजूला टाकला, माहीत नाही.
उत्तर यायचंय.
त्यानंतर मासळीला मी आचऱ्याच्या बाजारात गेलेले नाही,
दारावर येईल ते घेते,
भाव न करता.